पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या एज्ड केअरमध्ये (वृद्धांच्या निवासी केंद्रात) नर्स म्हणून रुजू होतेय. डिमेन्शिया झालेल्या ॲबोरिजिनल (तिथल्या मूळ रहिवासी) आजी-आजोबांशी कसं वागायचं?

गोंधळ बहुतेक वेळा चाचणीपासूनच सुरू होतो. नर्सिंगला शिकलात ती एमएमएसई, म्हणजे स्मरणशक्ती आणि आकलन तपासायची नेहमीची प्रश्नावली, इथे बाजूला ठेवा. तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, यात शाळा फारशी न पाहिलेला माणूस धडधाकट असला तरी नापास होतो. ऋतूचा प्रश्नही फसवा. ब्रूमच्या मूळच्या यावुरू लोकांचे ऋतू आपल्यासारखेच सहा, पण नावं आणि हिशेब निराळा.

किंबर्लीत, म्हणजे ब्रूम ज्या प्रदेशात आहे तिथेच, ॲबोरिजिनल लोकांसाठी तयार झालेली 'कीका' (KICA) चाचणी मागा. एकूण गुण 39. 33 किंवा त्याहून कमी आले तर पुढची तपासणी. कंगवा, कप आणि काडेपेटी दाखवून नावं विचारायची, वस्तू त्यांच्यादेखत लपवायच्या आणि थोड्या वेळाने 'कंगवा कुठे ठेवला?' विचारायचं. तारखेऐवजी 'हा पेन्शनचा आठवडा आहे का?' असा प्रश्न असतो. पेन्शन पंधरवड्याला येते, त्यामुळे तो आठवडा लोकांच्या ध्यानात असतो. त्याआधी कान मात्र तपासून घ्या. लहानपणीच्या कानाच्या आजारामुळे कमी ऐकू येणारे इथे बरेच आहेत. आणि दोन-तीन दिवसांत अचानक बिघडलं असेल, तर आधी लघवीचा संसर्ग, साखर आणि नवं औषध बघा.

बोलताना समोर नको, शेजारी बसा. 'हो' म्हणजे होकारच असं नाही, पाहुण्याचं मन राखायलाही 'हो' म्हणतात. म्हणून 'दुखतंय का?' पेक्षा 'कुठे दुखतंय, दाखवा' बरं. उत्तर यायला वेळ लागतो. मधली शांतता दुसऱ्या प्रश्नाने भरू नका.

अंघोळ शक्यतो पुरुषाला पुरुषाने, बाईला बाईने घालावी. बरेच नातेसंबंध एकमेकांना टाळायचे असतात, सासू-जावई तर ठळकच. आजोबा जेवणाच्या टेबलावरून उठून जात असतील तर 'चिडचिड' लिहिण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा, आणि घरच्यांना विचारा.

फोटोंचा अल्बम हा डिमेन्शियातला आपला हुकमी उपाय, पण इथे जपून. गेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं बऱ्याच घरांत वर्ज्य असतं. कुटुंबाने निवडलेलेच फोटो ठेवा.

कुलूपबंद दार आणि गणवेश पाहून कोणी घाबरलं, तर तो हट्ट समजू नका. सुमारे 1910 ते 1970 या काळात हजारो ॲबोरिजिनल मुलं सरकारने घरांतून उचलून संस्थांत ठेवली. तुमच्या वॉर्डात त्यातलं कोणी असू शकतं. शॉवर सुरू करण्याआधी प्रत्येक पायरी सांगा, दार अर्धं उघडं चालत असेल तर ठेवा.

आजी 'घरी जायचंय' म्हणाल्या की चहा देऊन विषय बदलायची सवय आपल्याला असते. इथे घर म्हणजे बहुधा त्यांची 'कंट्री', पूर्वजांची भूमी. कुठली ते विचारा, आणि घरच्यांसोबत एक दिवस नेता येतं का बघा. डायलिसिस असेल तर तो वार सोडून दिवस ठरवा. गोळ्या वेळेनुसार फार्मसीकडून पॅक करून घेऊन द्या आणि पाणी किती प्यायचं ते नेणाऱ्याला तोंडी सांगा.