सही करण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुमच्या ग्रुपवर दोन निवेदनं फिरतायत म्हणतेस. एक म्हणतं, कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचं गाणं ऐकायचं नाही, कुणाला ऐकवायचंही नाही. दुसरं म्हणतं, त्याच संगीतातल्या रंजनी-गायत्री या गायिका बहिणींच्या चालीचे अभंग कार्यक्रमातून काढून टाका. आणि तुला कृष्णांचा आलापही हवा आणि त्या बहिणींचा अभंगही. "सर, मी बिनकण्याची आहे का?" असं विचारलंयस. नाहीस. पण सही करायची की नाही, हे ठरवण्याआधी प्रकरण तरी नीट माहीत करून घे. फॉरवर्डमध्ये त्याची पार खिचडी झालेली असते.

मार्च २०२४ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने कृष्णांना संगीत कलानिधी हा पुरस्कार जाहीर केला. कर्नाटक संगीतात याच्या तोडीचे मान थोडेच. काही दिवसांतच रंजनी-गायत्रींनी अकादमीतली २५ डिसेंबरची मैफल सोडली. कृष्णा पेरियारांचा, म्हणजे तमिळनाडूतल्या नास्तिक, ब्राह्मण्यविरोधी समाजसुधारकाचा, गौरव करतात, संतकवी-वाग्गेयकार त्यागराज आणि गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्यांचा अवमान करतात, हा त्यांचा आक्षेप. त्रिचूर बंधू या गायकांनीही मैफल सोडली. चित्रवीणावादक रविकिरण यांनी स्वतःला २०१७ चा मिळालेला कलानिधी परत केला. अकादमीचे अध्यक्ष एन. मुरली म्हणाले, निवड फक्त संगीतावर झाली.

मग कोर्ट. कलानिधीच्या मानकऱ्याला 'द हिंदू'कडून एम. एस. यांच्या नावाचा एक लाखाचा पुरस्कार मिळतो. तो वेगळा, हे लक्षात ठेव. एम. एस. यांच्या नातवाने त्याला हरकत घेतली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने त्यांचं मानलं, खंडपीठाने तो आदेश फिरवला, आणि १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की कृष्णांनी स्वतःला त्या पुरस्काराचे मानकरी म्हणवू नये. कलानिधीला मात्र धक्का लागला नाही. तो १ जानेवारी २०२५ ला त्यांना रीतसर मिळाला. तेव्हा "सुप्रीम कोर्टाने कलानिधी काढून घेतला" असं सांगणाऱ्याच्या निवेदनावर सही करू नकोस, बाजू कुठलीही असो.

आता तुझा खरा प्रश्न. "कला वेगळी, कलाकार वेगळा" म्हणून सुटता येईल का? दुसऱ्या कुणाच्या बाबतीत येईलही. इथे नाही. अध्यक्ष काहीही म्हणोत, अकादमीने पुरस्कार जाहीर करतानाच कृष्णांनी संगीत समाजसुधारणेसाठी वापरल्याचा उल्लेख केला होता. आणि या माणसाने मतं गाण्याबाहेर ठेवलीच नाहीत. वर्णम हा रचनेचा प्रकार मैफलीच्या सुरुवातीला गायचा असतो, तो त्यांनी उचलून मध्ये नेला. चेन्नईच्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात महोत्सव भरवायला हातभार लावला. वायकोम सत्याग्रहाच्या, म्हणजे केरळातल्या मंदिराच्या रस्त्यांवर दलितांना वावरू देण्यासाठीच्या लढ्याच्या, शताब्दीला तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांनी पेरियारांवर लिहिलेलं गीत गायलं. रसिकांचं बिनसायला सुरुवात झाली ती त्या वर्णमपासून. पेरियार नंतर आले.

कृष्णांचं एक पुस्तक २०२० मध्ये आलं, मृदंगम, म्हणजे कर्नाटक संगीतातला मृदंग, बनवणाऱ्यांवर. मृदंगमला गायीचं, म्हशीचं, बकरीचं कातडं लागतं. ते कमावणारे, ताणून बसवणारे हात बहुतेक दलित ख्रिस्ती कारागिरांचे, आणि वाद्य वाजतं ते सोवळ्यातल्या मंचावर. प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्य-संगीत संस्थेने आधी सभागृह दिलं, मग परवानगी मागे घेतली. मला ते पुस्तक वाचून आपल्याकडचं आठवलं. तुझा तानपुरा मिरजेचा आहे. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला, आणि तो कोरून, दांडी जोडून, जवारी काढून देणारी घराणी मूळची शिकलगार, मुसलमान, पूर्वी हत्यारांना धार लावणारी. त्या भोपळ्यावर आपण विठ्ठलाचे अभंग गातो. हे राजकारण आहे का? मला विचारशील तर, आहे. आणि ते ऐकून अंगावर काटा येत असेल तर येऊ दे. कृष्णांची सगळी मतं मला पटत नाहीत. एम. एस. यांच्याबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्यातला सूर मला खटकला. पण कातड्याचा प्रश्न त्यांनी काढला म्हणून तो खोटा ठरत नाही.

रंजनी-गायत्रींबद्दल तुमच्या ग्रुपवर जे बोललं जातंय तेही मला पसंत नाही. मुंबईत वाढलेल्या, षण्मुखानंदच्या विद्यालयात व्हायोलिन शिकलेल्या या बहिणी. तमिळ रसिकांनी भरलेल्या सभागृहात अभंग सुरू करून टाळ्यांचा ठेका धरायला लावणाऱ्या. त्यांचं पत्र मला बरंचसं एकांगी वाटलं. तरी त्यांनी स्वतःची मैफल सोडली, दुसऱ्याची बंद पाडली नाही. आणि गंमत बघ, २०१५ मध्ये चेन्नईतला हाच डिसेंबरचा मैफलींचा हंगाम कृष्णांनीही सोडला होता, तिथे सगळ्यांना जागा नाही म्हणून. दोघांनी आपापल्या खिशातून किंमत मोजली. २०१८ मध्ये दिल्लीतला कृष्णांचा कार्यक्रम ट्रोलांच्या गदारोळानंतर विमानतळ प्राधिकरणाने पुढे ढकलला, तेव्हा आरडाओरडा करणाऱ्यांचं काय गेलं? काहीच नाही. मग दिल्ली सरकारने त्यांना गायला बोलावलं. तुझ्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणाची मैफल जाणार आहे, एवढं विचारून बघ. शांतता पसरेल.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नकोस. त्याच २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर अकादमीने सात कलाकारांना हंगामातून वगळलं होतं. "तेव्हा वगळता येतं, मग आता का नाही?" असा युक्तिवाद तुला ऐकू येईल. कुणी शिष्येला त्रास दिल्याची तक्रार आणि कुणाला पेरियार थोर वाटणं, या एका तराजूत घालायच्या गोष्टी नाहीत. पहिल्या बाबतीत वर्गात बसलेल्या मुलीची सुरक्षितता आहे. दुसऱ्यात तुला फक्त वाद घालायचाय, आणि तो तू घाल. जोरात घाल.

ऐकण्याचं म्हणशील, तर एखाद्याचं गाणं काही दिवस नकोसं होतं. सुरांमध्ये त्याचं बोलणं ऐकू येतं. तसं झालं तर बाजूला ठेव, त्यासाठी जाहीर शपथ लागत नाही. सहा महिन्यांनी परत ऐकावंसं वाटलं तर खुलासाही देत बसू नकोस. मला आवडतं ते ऐकताना मी गायकाचं मतदान कुणाला, हे विचारत नाही. पण त्याने गाण्यातूनच काही सांगितलं असेल तर तेवढ्यापुरते कान बंदही करत नाही.

आषाढीच्या कार्यक्रमात तो अभंग घे. चाल कुणाकडून उचललीस ते माइकवर नाव घेऊन सांग. आलापात कृष्णांची ती खालच्या षड्जावर रेंगाळायची सवय तुझ्या गळ्यात आली आहे, कुणी विचारलं तर तेही लपवू नकोस. आयोजक कुरकुरले तर त्यांना माझा नंबर दे, मी बोलतो.

तुझा,
सर