अज्ञेयवादी हक्स्ले कशालाच ‘अज्ञेय’ का म्हणत नाही?

प्रश्न असा आहे: इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्लेच्या १८८९ मधल्या निबंधाचा अनुवाद करताना ‘ॲग्नॉस्टिक’साठी ‘अज्ञेयवादी’ लिहिले. पुढे त्याचेच वाक्य आले की कुठल्याही गोष्टीला अज्ञेय म्हणणे आपल्याला फारसे पसंत नाही. मग ‘अज्ञेयवादी’ चुकले का? त्याऐवजी सरळ ‘नास्तिक’ लिहावे का?

‘नास्तिक’ नको, हे आधी सांगून टाकतो. १८६० च्या सप्टेंबरात हक्स्लेचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीवरने गेला. चार वर्षांचाही झाला नव्हता. चार्ल्स किंग्स्ली या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचे पत्र धाडले. त्याला हक्स्लेने २३ सप्टेंबरला लांबलचक उत्तर लिहिले. त्यातला आशय असा: माणसाचे अमरत्व मी नाकारत नाही आणि मानतही नाही; मानायला मला कारण दिसत नाही, पण ते खोटे ठरवायचे साधनही माझ्याकडे नाही. ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्सशी झालेल्या गाजलेल्या चकमकीला तेव्हा तीन महिनेही उलटले नव्हते. डार्विनची बाजू घेऊन धर्मपीठाशी भिडणारा हा माणूस, पण घरात दुःख असतानाही ‘नाही’ असे छातीठोक म्हणायला तयार नाही. ‘नास्ति’ म्हणणारा तो नास्तिक. हक्स्ले नेमके तेच म्हणत नाही. शिवाय आपल्या परंपरेत ‘नास्तिक’चा अर्थ वेगळ्याच वाटेने गेला आहे. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, आणि ईश्वर न मानणारे सांख्य मात्र आस्तिकांच्या पंगतीत. देव नाहीच असे म्हणणाऱ्यासाठी ‘निरीश्वरवादी’ हा काटेकोर शब्द आहे.

आता मूळ शब्दाकडे. पत्रातली भूमिका १८६० ची, शब्द १८६९ चा. त्या वर्षी लंडनमध्ये मेटाफिजिकल सोसायटी ही विचारवंतांची चर्चामंडळी सुरू झाली. तिथे जो तो कुठल्या ना कुठल्या ‘वादा’चा, आपल्यालाच काही नाव नाही, म्हणून शेपूट तुटलेल्या कोल्ह्यासारखे वाटले, असे हक्स्लेने पुढे लिहिले. ख्रिस्ती इतिहासातले ग्नॉस्टिक पंथीय गूढ ज्ञान आपल्यापाशी आहे असे सांगत. त्यांच्या उलट, म्हणून हा ॲग्नॉस्टिक. त्याच्या नावामागे ‘मला कळलेले नाही’ हा कबुलीजबाब आहे. ‘कुणालाच कधी कळणार नाही’ हा सिद्धान्त नाही. रिचर्ड हटन या संपादकाची आठवण थोडी निराळी आहे: सेंट पॉलने अथेन्समध्ये पाहिलेल्या ‘अज्ञात देवा’च्या वेदीवरून हक्स्लेला शब्द सुचला. तुमच्या कामाचे हे की दोन्ही हकिगतींत रोख ‘अज्ञात’कडे आहे.

व्याकरण हेच सांगते. ग्रीक ‘ग्नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे एकाच मुळाचे धातू. आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ करतो म्हणून नाते कानाला कळत नाही, एवढेच. ‘ॲग्नोस्तोस’मधला शेवटचा ‘तोस’ आणि आपला ‘त’ प्रत्ययही सख्खे. म्हणजे त्या ग्रीक शब्दाचे संस्कृतातले भावंड ‘अज्ञात’ आहे. (ग्रीकमध्ये त्याच शब्दाला ‘जाणता न येणारे’ अशीही छटा आहे; गोंधळाला तिथूनच वाव मिळतो.) ‘अज्ञेय’मध्ये मात्र ‘य’ प्रत्यय आहे, पेय, देय, गेयमधला. तो शक्यता किंवा योग्यता सांगतो. अजित आणि अजेय शेजारी ठेवून पाहा. मालिकेत एकही सामना न हरलेला संघ अजित. पण अजेय म्हणालात तर पुढच्या मालिकेचीही हमी दिलीत.

ही हमी देणारा होता इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर. विश्वाच्या मुळाशी असलेले तत्त्व मानवी बुद्धीला कळणे शक्यच नाही, असे त्याने १८६२ मध्ये मांडले आणि त्यालाच ‘अज्ञेय’ हे नाव दिले. स्पेन्सर आणि मिल महाराष्ट्रात आगरकरांच्या पिढीने मन लावून वाचले. आगरकरांना अज्ञेयवादी म्हणतात तेव्हा तो शब्द स्पेन्सरच्या अंगाने चपखल बसतो. हक्स्लेला तोच अंगरखा घातला की काखेत ताणतो. (दोघेही १८९५ च्या जूनमध्येच गेले, आगरकर १७ तारखेला आणि हक्स्ले २९ ला.)

तरीही ‘अज्ञेयवादी’ मोडीत काढू नका. शब्द रुळला आहे, वाचक ओळखतो. ‘अज्ञातवादी’ घडवलात तर अज्ञातवासातला कुणी वाटेल. ‘अज्ञानवादी’ हा प्राचीन जैन ग्रंथांत खराखुरा येतो, पण आजच्या मराठीत ती शिवी होईल. ‘संशयवादी’ जवळचा असला तरी तो ज्ञानावरच शंका घेतो, आणि बेडकापासून माणसाच्या कवटीपर्यंत सगळे चिरून-मोजून पाहणाऱ्या हक्स्लेला तो शोभत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘अज्ञेयवादी, म्हणजे पुराव्याविना कळल्याचा दावा न करणारा’ असे एकदा फोडून लिहा. पुढे नुसते ‘अज्ञेय’ फक्त स्पेन्सरच्या कल्पनेसाठी राखून ठेवा आणि दरवेळी अवतरणचिन्हांत घाला. हक्स्लेच्या तोंडी ‘ठाऊक नाही’, ‘माझ्या आवाक्याबाहेरचे’ असे साधे मराठी द्या. अडलेले वाक्य मग असे होईल: ‘एखादी गोष्ट “अज्ञेय” आहे असे म्हणणे मला फारसे रुचत नाही, पुष्कळ विषयांतले मला काही ठाऊक नाही, एवढे मात्र नक्की.’ विरोधाभास उरत नाही. आणि व्यक्तीला ‘वादी’शिवाय लिहू नका. ‘हक्स्ले अज्ञेय होता’ याचा अर्थ तो कुणाला कळलाच नाही असा होतो.

पुढे एक तळटीप तुम्हाला छळेल. ‘अज्ञेय’ म्हणण्याची चूक आपणही पूर्वी एक-दोनदा केली, तीही इंग्रजी ‘अननोएबल’मधला (अज्ञेय) ‘यू’ कॅपिटल लिहून वाया घालवत, असे हक्स्ले तिथे कबूल करतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे शब्दशः भाषांतरात विनोद मरतो. ‘वर ठळक टाइपही वाया घालवला’ असे करून पाहा. खोच बरीचशी राहते.