जातिलुवीहला राहायला जरूर जा, पण भातखाचरातली जागा घेऊ नका

तुमचा प्रश्न मला असा समजला. निवृत्तीनंतर वर्षातले दोन-तीन महिने बालीतल्या जातिलुवीह गावात काढावेत असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. आधी एकदा गाव बघून यायचं आहे. दरम्यान एका एजंटाने भातखाचरांच्या मधोमध असलेली दहा आर जागा 'स्थानिक माणसाच्या नावावर, पण कायमची तुमचीच' अशी देऊ केली आहे. (आर म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचाच, शंभर चौरस मीटरचा.) या भागात मी बरीच वर्षं येऊन-जाऊन राहते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. गावाला जरूर जा, भरपूर दिवस राहा. ती जागा मात्र घेऊ नका. का ते समजायला आधी तिथल्या पाण्याची व्यवस्था समजून घ्यावी लागेल.

जातिलुवीह हे तबानान जिल्ह्यातल्या पेनेबेल तालुक्यातलं गाव. बातुकारू पर्वताच्या (उंची २,२७६ मीटर) दक्षिण उतारावर, साधारण सातशे मीटर उंचीवर वसलेलं. तबानानला बालीचं धान्यकोठार म्हणतात. विमानतळावरून गाडीने दोन तास धरा, रस्त्यावर गर्दी असेल तर अडीच. बस-रिक्षाच्या भरवशावर तिथे पोचता येत नाही. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या 'सुबाक' या सामुदायिक सिंचन पद्धतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात जातिलुवीहची खाचरं येतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने सर्वोत्तम पर्यटन गावांच्या यादीतही त्याचं नाव घेतलं. त्यामुळे दुपारी अकरा ते तीन गाव पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेलं असतं. मुक्कामी राहिलात तर पहाट आणि संध्याकाळ तुमची, म्हणून धावती भेट देऊ नका.

कधी जावं हे पिकावरून ठरवा. जातिलुवीहची ओळख आहे ती तिथला पारंपरिक लाल तांदूळ. हे उंच वाढणारं स्थानिक भात तयार व्हायला पाच ते सहा महिने घेतं. साधारण जानेवारीच्या सुमाराला लावणी होते आणि जून-जुलैमध्ये कापणी. म्हणजे लावणीच्या दिवसांत गेलात तर खाचरांत पाणी साचून आभाळ दिसतं, मार्च ते मे गर्द हिरवाई असते आणि जूनमध्ये सगळा उतार पिवळा होतो. कापणीनंतर लवकर येणाऱ्या वाणाचं दुसरं पीक घेतात. ऑगस्टमध्ये गेलेले लोक 'फोटोत दाखवतात तसं नव्हतं' म्हणतात, ते याच कारणाने. मला स्वतःला कापणीचे दिवस सगळ्यात आवडतात. बायका 'आनी-आनी' नावाच्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडतात आणि कापून झालेल्या खाचरांत बदकं सोडली जातात.

आता पाणी. पर्वतावरच्या जंगलातून आणि झऱ्यांतून पाणी निघतं, पाटातून आणि डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून वाहतं आणि वाटण्या होत होत एका खाचरातून खालच्या खाचरात उतरतं. ज्यांची शेतं एका स्रोतावर भिजतात त्या सगळ्या शेतकऱ्यांची संघटना म्हणजे सुबाक. अकराव्या शतकातल्या कोरीव लेखांतही तिचे उल्लेख आहेत. तिचा प्रमुख पेकासेह, पोटविभाग म्हणजे तेम्पेक, आणि लेखी नियम म्हणजे आविग-आविग. कोणी कधी लावणी करायची, पाट साफ करायला कुणी यायचं, गैरहजर राहिल्यास दंड किती, हे सगळं बैठकीत ठरतं. पाणी शेतात शिरतं त्या कोपऱ्यात देवी श्रीचं, म्हणजे भाताच्या देवीचं, छोटं देवस्थान असतं आणि पाण्याच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर एक देऊळ. ही देवळं म्हणजे शोभा नव्हे. कोणत्या पट्ट्याला पाणी आधी आणि कोणाला मागून, याचा मेळ त्यांच्या उत्सवांच्या वेळापत्रकातून बसतो.

तो मेळ मोडला तर काय होतं हे बालीने पाहिलेलं आहे. १९७० च्या दशकात सरकारने लवकर येणारे सुधारित वाण आणले आणि प्रत्येकाने जमेल तितक्या वेळा भात लावावं असा आग्रह धरला. पाळ्या विस्कटल्या, पाण्यावरून ओढाताण सुरू झाली आणि तपकिरी तुडतुड्यांनी पिकं खाल्ली. पुढे स्टीफन लॅन्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने आणि जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञाने संगणकावर प्रारूप मांडून दाखवलं की शेजारशेजारची शेतं एकाच वेळी मोकळी ठेवली की किडीला खायला उरत नाही. पण सगळ्या खोऱ्याने एकाच दिवशी लावणी केली तर पाणी पुरत नाही. या दोहोंमधला तोल देवळांचं जाळं साधत होतं.

धुळे-नाशिककडच्या वाचकांना हे परकं वाटणार नाही. पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी गावकऱ्यांच्या नियमाने वाटलं जायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी पाणी सोडायचा. फडाच्या मधोमध एकाने बंगला बांधला असता तर खालच्या बागाईतदारांनी काय म्हटलं असतं?

तुम्हाला दाखवलेली दहा आर जागा नेमकी तशी आहे. खाचर बुजवून पाया घातला की पाट तिथे अडतो किंवा वळवावा लागतो. खालच्या चार-पाच कुटुंबांच्या शेतात पाणी कमी येतं, वरच्यांचं साचतं आणि तुमच्या सांडपाण्याची भर पडते ती वेगळी. विक्रीचा करार तुमचा आणि मूळ मालकाचा असेल, पण त्याची किंमत जे सहीला नव्हते ते मोजतात. मला या गावाबद्दल मनापासून वाटतं, म्हणून हे मी कायद्याच्या आधी लिहिलं.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या कृषी-भूमी कायद्यानुसार 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. एजंट म्हणतो तो 'स्थानिक माणसाच्या नावावर' हा व्यवहार त्याच कायद्याच्या कलम २६ ने रद्द ठरतो. नुसता रद्द नाही: जमीन सरकारजमा होते आणि मालकाला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. सोबत कर्जरोखा, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र असा कागदांचा गठ्ठा करून 'सगळं सुरक्षित आहे' म्हणतात. त्या गठ्ठ्याने मूळ व्यवहाराचा दोष जात नाही. उलट परकीयाकडे मालकी वळवण्याचा हेतू होता याचा तोच पुरावा ठरू शकतो.

शिवाय ही शेतजमीन आहे. तिथल्या नियमाने शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात राहायला हवं, म्हणजे जकार्ताच्या माणसालाही ती सहज घेता येत नाही. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो, त्यामागे जो विचार आहे तोच तिथेही आहे. २००९ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या शेतजमिनीचा वापर बदलणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर वारसा क्षेत्राचे निर्बंध, आणि बातुकारूच्या मोठ्या देवळाभोवतीच्या पावित्र्यक्षेत्राची मर्यादा. १९९४ मध्ये तिथल्या हिंदू धर्मपरिषदेने अशा प्रमुख देवळांसाठी किमान पाच किलोमीटरचं अंतर सांगितलेलं आहे.

नियम फक्त कागदावर आहेत असंही समजू नका. २०२५ च्या डिसेंबरमध्ये प्रांतिक विधानमंडळाच्या समितीने जातिलुवीहमधली डझनभर बांधकामं थांबवली. त्यांत स्थानिक शेतकऱ्यांचीही खानावळी-दुकानं होती. चिडलेल्या शेतकऱ्यांनी निषेध म्हणून हिरव्या खाचरांत जस्ताचे पत्रे उभे केले. त्यांची बाजू मला पटते: शेत राखायची जबाबदारी त्यांच्यावर आणि पर्यटनाचा पैसा दुसऱ्यांकडे. ज्या गावात स्वतःच्या शेताच्या कडेला चहाचं दुकान काढणाऱ्यालाही अडवलं जातंय, तिथे परदेशी माणसाच्या बंगल्याला खाचराच्या मध्यभागी परवानगी मिळेल, हे एजंटाचं बोलणं विसरून जा.

मग कायदेशीर मार्ग कोणते? परकीयाला राहत्या घरासाठी 'हाक पाकाई' हा वापरहक्क मिळू शकतो: तीस वर्षं, पुढे वीस आणि नंतर तीस. पण बालीत त्यासाठी घराची किमान किंमत पाच अब्ज रुपिया (इंडोनेशियाचं चलन) ठरवलेली आहे आणि खाचरावर तो लागू होत नाही. कंपनी काढून जागा घेण्याचा मार्ग आहे, त्यात जमीन-इमारत सोडून दहा अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीची योजना लागते. दोन-तीन महिने राहणाऱ्या जोडप्याने त्या वाटेला जाऊच नये. उरतं भाडेपट्ट्याचं घर, आणि तुम्हाला ते पुरेसं आहे.

वस्तीतलं, आधीपासून उभं असलेलं घर बघा. पहिल्या वर्षी महिन्याच्या भाड्याने घ्या, जमलं तर दोन-तीन वर्षांचा करार. पंचवीस वर्षांचे पट्टे सर्रास होतात, पण सगळे पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि मुदतवाढीचा दर 'तेव्हाच्या बाजारभावाने' असं मोघम लिहिलेलं असतं. करार इंडोनेशियन भाषेत हवाच, सोबत तुम्हाला समजेल अशा भाषेतली प्रत घ्या. तो नोटरीसमोर करा, आणि तो नोटरी एजंटाने आणलेला नको. मूळ प्रमाणपत्र भूमी कार्यालयात तपासून घ्या. बालीत काही जमिनी देवळाच्या किंवा आदात गावाच्या, म्हणजे परंपरागत ग्रामसंस्थेच्या असतात. घरातला माणूस तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असला तरी तो त्या विकू शकत नाही. जमीन कुटुंबाची असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. मोठ्या भावाने एकट्याने केलेला करार पुढे वादात अडकलेला मी शेजारी पाहिला आहे.

इथून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. मालमत्तेसाठी वर्षात दहा लाख रुपयांवर रक्कम गेली की वरच्या भागावर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. परदेशी मालमत्तेतला हक्क विवरणपत्रात दाखवणं बंधनकारक आहे.

राहण्याबद्दल थोडं. आगमनावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा, एकदा तीस दिवस वाढतो. म्हणजे तीन महिन्यांसाठी वेगळा व्हिसा आधी काढावा लागेल. बालीची दीड लाख रुपियांची पर्यटक पट्टी वेगळी. शाकाहारी असाल तर तोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि नारळ घातलेल्या उकडलेल्या भाज्या सगळीकडे मिळतात, मात्र चटणीत 'तेरासी' म्हणजे कोळंबीचा कुटलेला लगदा असतो, तो नको असं आधीच सांगा. रात्री गारवा असतो आणि हवा दमट, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. संधिवात असेल तर पावसाळा टाळा. मोठं रुग्णालय तबानान शहरात, तासाभरावर. बालीत २००८ पासून रेबीज आहे, कुत्रा चावला तर जखम धुऊन लगेच लस घ्या.

आपण हिंदू म्हणून गाव आपल्याला लगेच आपलं मानेल अशी अपेक्षा ठेवू नका. २०१९ च्या प्रांतिक कायद्यानुसार आपण तिथे 'तामिऊ', बाहेरून आलेले. बांजारची, म्हणजे वाडीची, वर्गणी द्यायची, उत्सवाच्या वेळी रस्ता बंद असेल तर वाट बघायची, देवळात सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि कंबरपट्टा बांधायचा. एवढं मनापासून केलंत तर माणसं फार प्रेमळ आहेत. त्यांचं नववर्ष न्येपी शक संवताचंच. २०२६ मध्ये ते आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशीच, १९ मार्चला, शके १९४८ म्हणून आलं. फरक असा की त्या दिवशी सगळं बेट चोवीस तास गप्प असतं: दिवे नाहीत, प्रवास नाही, विमानतळसुद्धा बंद. तिकीट काढताना ती तारीख बघा.

आता एजंटाला एवढंच विचारा: प्रमाणपत्राची प्रत, नियोजन कार्यालयाकडून त्या गटाच्या जमीन-वापराचा लेखी दाखला, आणि पेकासेहची लेखी संमती. हे तीन कागद हातात येईपर्यंत अनामत म्हणून एक रुपियाही देऊ नका. पहिल्या भेटीसाठी मे महिना निवडा, आणि किमान दहा दिवस तरी गावातल्याच एखाद्या कुटुंबाकडे उतरा.