अंधेरीत अदानीवरून टाटा पॉवरवर गेलं तर बिल खरंच कमी येतं का? आणि गॅसची कंपनीही बदलता येते का?

कधी येतं, कधी नाही, आणि या वर्षी कमी आलं म्हणून पुढच्या एप्रिलनंतरही कमीच येईल याची कुणी गॅरंटी देत नाही. मी स्वतः एकदा गेलोय आणि परतही आलोय. कुठून कुठे गेलो ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली लगेच दोन पार्ट्या पडतात आणि तुमचा प्रश्न राहतो बाजूला.

तुम्ही लिहिलंय की अंधेरीत नवीन घर घेतलंय, आणि तुमचा मित्र इंग्लंडात दर वर्षी लाईट आणि गॅस दोन्हीची कंपनी बदलतो, मग इथे तसं का नाही. अहो तिथला बाजारच वेगळा आहे, वेबसाईटवर पत्ता टाकला की कंपन्यांचे भाव शेजारी शेजारी दिसतात आणि वर ऑफजेम नावाची तिथली नियामक संस्था दर तीन महिन्यांनी कमाल दर ठरवून देते. आपल्याकडे पुण्याला, नाशिकला महावितरण म्हणजे महावितरण, विषय संपला. भिवंडीत बिलावर टोरंटचं नाव दिसतं पण ती महावितरणची फ्रँचायझी, दर तेच. मुंबईतही मुलुंड-भांडुपला महावितरण आणि शहरात मुख्यतः बेस्ट. खरा चॉइस आहे तो आपल्या उपनगरात, पश्चिमेला बांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला चुनाभट्टीपासून विक्रोळी-मानखुर्दपर्यंत. हा पट्टा आधी बीएसईएसचा, मग रिलायन्सचा, २०१८ पासून अदानीचा. आमची आई अजूनही 'बीएसईएसचं बिल आलं का रे' असंच विचारते.

टाटा यात कशी आली, तर २००८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टाटाला इथे किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते, आणि २००९ ला वीज नियामक आयोगाने वाट काढून दिली की तारा रिलायन्सच्याच राहू देत, त्यांवरून टाटाने वीज द्यावी. यालाच चेंजओव्हर म्हणतात. दुसरा प्रकार स्विचओव्हर, त्यात तारसुद्धा नव्या कंपनीची येते, पण ती तुमच्या गल्लीत पोचलेली असली तरच.

हा फरक आधी डोक्यात पक्का करा, कारण निम्मे लोक इथेच फसतात. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी चेंजओव्हर केलं ते केवळ 'लाईट जाणार नाही' म्हणून. मे महिन्यात रात्री दीडला केबलचा फॉल्ट झाला आणि अख्खी बिल्डिंग अंधारात, काका जिन्यात बनियनवर उभे राहून म्हणतायत, अहो माझी तर कंपनी वेगळी आहे ना! केबल तीच, त्यामुळे दुरुस्तीलाही तारेच्या मालकाचीच माणसं आली. चेंजओव्हरने बदलतो तो फक्त बिलाचा हिशोब. लाईट जाण्याचा त्रास असेल तर पैसे आणि वेळ त्यात घालवू नका, सोसायटीची मीटर रूम एकदा उघडून बघा, आमच्याकडे तरी बऱ्याचदा रोग तिथेच निघालाय.

आता हिशोब. सगळे जण काय करतात तर 'यांचा युनिटचा दर इतका, त्यांचा तितका' एवढंच बघतात. तुमचं बिल हातात घ्या आणि ओळी वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारा वापरल्याचे पैसे), इंधन समायोजन आकार (इंधनाचे भाव वरखाली होतात त्याचा), मग त्यावर १६ टक्के वीज शुल्क आणि शेवटी विक्री कर. यातला वीज आकार तुमच्या कंपनीचा, पण चेंजओव्हर केलंत तर वहन आकार तारेच्या मालकाचा लागतो, शिवाय क्रॉस सबसिडी अधिभार नावाची एक ओळ वाढते, आणि मध्ये काही वर्षं जुन्या थकलेल्या वसुलीपोटी नियामक मत्ता आकार पण होता. म्हणजे समजा वरच्या ओळीत युनिटमागे साठ पैसे वाचतायत असं दिसलं आणि खालच्या दोन ओळींत पन्नास पैसे वाढले, तर तुम्ही एवढी धावपळ केलीत दहा पैशांसाठी. इंधन समायोजन तर दर महिन्याला हलतं, त्याचा अंदाज बांधायला जाऊच नका.

आणि स्लॅब. शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. १०१ वं युनिट पडलं की सगळी युनिटं महाग होतात असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते खोटं आहे, वरच्या स्लॅबचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो (स्थिर आकार मात्र स्लॅबप्रमाणे बदलू शकतो, तो तेवढा बघा). त्यामुळे एक कंपनी कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि दुसरी जास्त वापरणाऱ्याला स्वस्त असं होऊ शकतं, आणि झालेलंही आहे. सुरुवातीच्या काळात टाटाकडे मोठे ग्राहक पळाले, दुकानं, ऑफिसं, तीन-तीन एसीवाले. हेच लोक जास्त दर भरून खालच्या स्लॅबवाल्यांचा भार उचलत होते, ते गेल्यावर मागे राहिलेल्यांनी कुठून भरायचं? म्हणून २०१२ ला आयोगाने टाटाला सांगितलं की चेंजओव्हरवर घ्यायचेत तर महिन्याला ३०० युनिटच्या आतले घरगुती ग्राहक घ्या. नंतर ते अपिलात गेलं आणि उलटलं. क्रॉस सबसिडी अधिभाराच्या ओळीला लोक नावं ठेवतात पण ती कुठून आली ते यावरून कळतं, निघून गेलेल्यांनीही तो भार थोडा उचलावा म्हणून, मला तरी ती अगदीच अन्यायाची वाटत नाही.

मी काय केलं ते सांगतो. बारा महिन्यांची बिलं डायनिंग टेबलवर पसरली, बायको म्हणाली जेवायला जागा ठेव. जानेवारीला १२८ युनिट, ऑगस्टला १६५, आणि मे महिन्यात एसीच्या कृपेने ४१२. एकट्या मे महिन्यावरून ठरवलं असतं तर माझं उत्तर चुकलंच असतं, कारण एसीच्या चार महिन्यांत एक कंपनी स्वस्त पडत होती आणि उरलेल्या आठ महिन्यांत दुसरी. आयोगाच्या वेबसाईटवर दोन्ही कंपन्यांचे दरपत्रकाचे आदेश असतात, आदेश शेकडो पानांचे असतात पण तुम्हाला फक्त घरगुती ग्राहकांचं टेबल आणि चेंजओव्हरच्या अधिभाराचं टेबल लागतं. एक्सेलमध्ये प्रत्येक महिना दोन्ही दरांनी काढला, वर्षाची बेरीज मारली, फरक आला ६४० रुपये. महिन्याचे नाही, वर्षाचे! तरी गेलो, कोकणी हट्ट.

आणि तिथेच माती खाल्ली. फ्लॅटचं बिल अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन चार वर्षं झालेली, आम्ही नुसतं बिल भरत राहिलो, नावाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फॉर्म परत आला. मग मृत्यूचा दाखला, सोसायटीचं पत्र, सासूबाईंची सही, आधी जुन्या कंपनीकडे नाव बदला, मग नवीन अर्ज, त्यात दोन महिने गेले आणि मध्ये आला एक एप्रिल, नवीन दर लागू. माझं एक्सेल गेलं केराच्या टोपलीत. हे दर असे बदलतात की २०२४ च्या एप्रिलमध्ये टाटाचे सरासरी २४ टक्क्यांनी वाढले, ज्यांनी स्वस्त म्हणून उडी मारली होती त्यांनी पुन्हा कॅलक्युलेटर काढले, आणि २०२५ ला परत नवीन आदेश. तुम्ही नवीन घर घेतलंय ना, मग बिलावर आधीच्या मालकाचं नाव असणार, ते पहिलं बदलून घ्या, कंपनी बदला किंवा नका बदलू. जुनी थकबाकी शून्य आहे का तेही बघा, थकबाकी असेल तर अर्ज अडतो. डिपॉझिट नवीन कंपनीला नव्याने भरावं लागतं आणि जुन्याकडून परत यायला वेळ लागतो, तेवढे पैसे अडकतील असं धरून चाला.

मला विचाराल तर महिन्याला दीडशे-दोनशे युनिटवाल्याने एवढ्या भानगडीत पडू नये. पाचशेच्या वर जात असाल तर मात्र एक रविवार घालवाच.

गॅसचं लवकर आटपतो कारण त्यात भावाचा प्रश्नच नाही. एकाच शहरात १४.२ किलोची टाकी इंडेन, एचपी, भारत तिघांची त्याच भावाला. २०१४ च्या जानेवारीपासून देशभर पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे कंपनी किंवा एजन्सी बदलता येते, पण ती करायची ती सर्व्हिससाठी. त्याच कंपनीची दुसरी एजन्सी घेतलीत तर टाकी-रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतो, फक्त कागद हलतात. कंपनी बदललीत तर टाकी आणि रेग्युलेटर जमा करा, जुनं डिपॉझिट जुन्या दराने परत आणि नवीन आजच्या दराने भरा, टाकीचंच २०२२ पासून २२०० रुपये झालंय, तेव्हा शक्यतो कंपनी नका बदलू. पाइप गॅस तुमच्याकडे महानगरचाच, तिथे निवडायला दुसरं कुणी नाही. तुलना करायचीच तर एक टाकी म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने पाइपचा साधारण १८ युनिट (म्हणजे घनमीटर) गॅस धरा, आणि पाइप आला की शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात, जुन्याच जेटवर ज्योत नीट लागत नाही.

आम्ही फक्त एजन्सी बदलली. आधीचा माणूस बुकिंगनंतर आठ-आठ दिवस यायचा नाही आणि टाकी खाली वॉचमनकडे ठेवून निघून जायचा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आताचा मुलगा खांद्यावरून वर आणतो आणि न सांगता वजनकाटा काढून टाकी त्यावर ठेवतो, सासूबाई चष्मा लावून आकडा वाचतात मगच त्याला पाणी मिळतं.