क्रूझवरचे ड्रेस कोड सैल झालेत म्हणतात, मग सात रात्रींसाठी सूट-साड्या न्यायच्या की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींची भूमध्य समुद्रातली क्रूझ, बरोबर नवरा, कॉलेजातली मुलगी आणि पाचवारीशिवाय काही न नेसणाऱ्या सासूबाई. टूरवाल्यानं दिलेल्या कागदावर 'दोन फॉर्मल नाइट्स' असं छापलंय आणि नुकतीच जाऊन आलेली मैत्रीण म्हणते की आता कुणी काही बघत नाही, जीन्सवर जेवतात लोक. खरं कुणाचं, आणि नवऱ्याला सूट शिवायचा का?

दोघांचंही खरं आहे. सूट मात्र शिवू नका.

हे इतकं ठासून सांगते कारण आम्ही शिवला होता. २०१८ साली सिंगापूरहून चार रात्रींची आमची पहिली क्रूझ, आणि आमच्याही कागदावर ती फॉर्मल नाइट होतीच. ह्यांनी आमच्या रिसेप्शननंतर कोट अंगाला लावलेला नव्हता. ठाण्यातल्या शिंप्याकडे तीन खेपा झाल्या, कोट चुरगळू नये म्हणून वेगळं कव्हर घेतलं, ते विमानात हातात धरून नेलं. प्रत्यक्षात तो सूट अंगावर राहिला सव्वादोन तास, त्यातला अर्धा तास फोटोच्या रांगेत. आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ टक्सिडो, म्हणजे बो टायवाला काळा सूट, घालून बसले होते, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून दुसरा एक जण जीन्स आणि कॉलरच्या टीशर्टात. वेटर दोघांनाही सारख्याच अदबीनं सूप वाढत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी शिंप्याचं बिल आठवलं.

आता नियमाचं. ड्रेस कोड म्हणजे बोटीवर चोवीस तास लागू असलेला कायदा असा आपला समज असतो. तो असतो मुख्यतः संध्याकाळच्या जेवणाला, आणि तोही मोठ्या डायनिंग हॉलपुरता आणि एखाद्-दुसऱ्या महागड्या रेस्टॉरंटपुरता. वरच्या डेकवरचा बुफे त्या रात्रीही चालू असतो, तिथे नेहमीच्या कपड्यांत जाऊन जेवा, कुणी हटकत नाही. पोहण्याचे ओले कपडे घालून जेवायला बसायचं नाही, एवढं सगळीकडे पाळतात.

बाकी कंपनीगणिक फरक. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली 'फ्रीस्टाइल' क्रूझिंग आणलं आणि सक्तीच्या फॉर्मल रात्रीला तिथेच सुट्टी मिळाली. सेलिब्रिटी क्रूझेस कंपनीनं नाव बदलून 'इव्हनिंग शिक' केलं, म्हणजे नीटनेटकं या, टाय नसला तरी चालेल. कार्निव्हलवर साध्या रात्री बरी हाफ पँटही चालते, 'एलिगंट' म्हटलेल्या रात्री नाही. व्हायकिंगवर फॉर्मल नाइटच नसते. व्हर्जिनच्या बोटींवर ड्रेस कोड नाही, पण एका रात्री सगळे लाल कपडे घालतात. जुनं वळण अजून धरून आहे ते क्युनार्डनं. त्यांच्या क्वीन मेरी २ या बोटीवर संध्याकाळी सहानंतर नीट कपडे लागतात, आणि गाला रात्री टक्सिडो, गडद सूट किंवा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख. ज्यांना नटायचं नसेल त्यांच्यासाठी बुफे आणि पब अशा ठरावीक जागा मोकळ्या ठेवतात.

तुम्ही कंपनी लिहिली नाहीत. तिच्या साइटवर 'व्हॉट टु वेअर' असं काहीतरी पान असतंच, ते आजच वाचा. टूरवाल्याचा कागद बहुधा जुन्या टूरचा उचलून छापलेला असतो. बोटीवर चढलात की रोजचा कार्यक्रम ॲपवर येतो, त्यात त्या रात्री काय घालायचं ते लिहिलेलं असतं.

'आपल्या देशाचा पोशाख' हा पर्याय आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. चांगला कुर्ता, चुडीदार किंवा सरळ पँट, वर नेहरू जाकीट. लग्नाकार्याला घातलेलं घरी पडलेलं असतंच. २०१९ साली तुमच्याच वाटेवर, बार्सिलोनाहूनच निघालो, तेव्हा सासरे दोन्ही फॉर्मल रात्री त्याच एका खादीच्या जाकिटात जेवले. त्यांना कुणी वळून बघितलं नाही, आणि मला वाटतं तेच हवं असतं. जाकीट घडी करून बॅगेत मावतं, कोटासारखं मिरवत न्यावं लागत नाही.

कोट काढून ठेवण्याची ही सोय तशी जुनीच आहे. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात ब्रिटिश नौदलाचे अधिकारी जेवायला बसताना कोट घालत नसत. पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद पट्टा, एवढंच. त्याला 'रेड सी रिग' असं नावही पडलं. त्या पट्ट्याला इंग्रज 'कमरबंड' म्हणतात, म्हणजे आपला कमरबंदच. तेव्हा नवरा सूटसाठी हटून बसला तर त्याला हा दाखला द्या.

साड्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण चुका आम्ही तिथेच केल्या. सिंगापूरला सासूबाईंनी फॉर्मल नाइटसाठी पैठणी आणली होती. तीन दिवस ती केबिनमधल्या तिजोरीशेजारी मलमलमध्ये गुंडाळून. त्या संध्याकाळी नेसल्या, सुरेख दिसत होत्या, आणि डायनिंग हॉलमध्ये शिरल्यावर पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, "अगं, माझा स्वेटर आणतेस का?" मी पाच मजले चढून तो तपकिरी, कोपराला विटलेला स्वेटर आणला. बोटीवरच्या एसीची कल्पना आपल्याला इथे बसून येत नाही. थिएटरमध्ये तर दात वाजतात. त्या रात्रीच्या प्रत्येक फोटोत पैठणीचा पदर स्वेटरच्या आत आहे, काठ दिसतात ते टेबलाखाली. पुढच्या वेळी पैठणी घरी राहिली आणि एक बरी काळी शाल आली. ती शाल सातही रात्री वापरली गेली, कधी त्यांच्या खांद्यावर, कधी माझ्या.

नियम म्हणून सांगायचं तर सुती, खळ घातलेली साडी बोटीवर नको. केबिनमध्ये इस्त्री वापरायला बंदी असते, आगीची भीती. बहुतेक ठिकाणी वाफेची छोटी इस्त्रीसुद्धा चालत नाही. आम्ही नेली होती. सोबत चहासाठी विजेची किटलीही. बॅगा बंदरावर एक्स-रेमधून जातात. बाकी सगळ्यांच्या बॅगा केबिनच्या दाराशी आल्या, आमची एक येईना. शेवटी खालच्या मजल्यावर एका खोलीत बोलावणं आलं. तिथे आमच्यासारखे दहा-बारा जण उभे, प्रत्येकाची बॅग टेबलावर उघडलेली. कुणाच्या बॅगेतून दारूची बाटली निघत होती, कुणाच्या बॅगेतून एक्स्टेन्शन बोर्ड. आमच्या बॅगेतून इस्त्री निघाली, मग किटली निघाली, आणि मग, कशाला माहीत नाही, तो अधिकारी मेतकुटाची पुडी बराच वेळ उलटीसुलटी करून बघत राहिला. पुडी परत दिली. इस्त्री आणि किटली उतरताना मिळाली, पावतीसकट.

म्हणून जॉर्जेट, शिफॉन, क्रेप किंवा सरळ सिंथेटिक. सासूबाईंसाठी रोजच्या चार आणि बऱ्यापैकी दोन, रेशमी हवी तर त्यातली एक. बाथरूममध्ये शॉवरवर ओढून घ्यायची दोरी असते. रात्री पिळून टाकलेली सिंथेटिक साडी घडी घालून दुपदरी टाकली तर सकाळपर्यंत वाळते, सुती परकर वाळत नाही. तेव्हा परकरही साटीनचे न्या. काही बोटींवर कपडे धुवायची मशिनं असतात, पुष्कळशा बोटींवर नसतात. तिथे नग मोजून पैसे घेतात, पण मधल्या एखाद्या दिवशी 'पिशवीभर कपडे, एकच भाव' अशी सवलत निघते, तेवढ्यावर लक्ष ठेवा. केबिनच्या भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे चार हूक नेलेत तर साड्या, पर्स, ओल्या टोप्या सगळं टांगता येतं, नाहीतर त्या इवल्याशा कपाटात चौघांचं भांडण ठरलेलं.

खरी कसोटी बोटीवर नसतेच, ती किनाऱ्यावर. फॉर्मल नाइटच्या नादात सगळे विसरतात की त्या सात दिवसांत पाच-सहा दिवस तुम्ही दगडी रस्त्यांवरून चालणार आहात. तुमच्या मार्गावर रोम असेल तर बोट लागते चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आणि तिथे 'हल्ली कुणी बघत नाही' हे चालत नाही, दारातच अडवतात. आमची मुलगी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये. सासूबाईंनी पिशवीतून सुती ओढणी काढली, तिच्या खांद्यांवर टाकली आणि स्वतः पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन सगळ्यांच्या पुढे आत गेल्या. मुलीच्या बॅगेत अशा दोन ओढण्या टाका. वजन नाही, जागा नाही.

चपलांवर कंजुषी नको. नेपल्सहून पॉम्पेईला, त्या जुन्या रोमन शहराचे अवशेष बघायला गेलो, तिथे रस्ते म्हणजे झिजून गुळगुळीत झालेले मोठमोठे दगड, मध्ये गाड्यांच्या चाकांच्या खाचा. सासरे कोल्हापुरी घालून आलेले. अर्ध्या तासात त्यांनी माझा दंड धरला तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. डेकवरही तेच, ओल्या लाकडावर चामड्याचा तळ सर्रकन घसरतो. माणशी तीन जोड पुरतात: चालायचे बूट (ते विमानातच पायात घाला, सगळ्यात जड तेच), पाण्याजवळ घालायच्या रबरी चपला, आणि रात्रीच्या जेवणाला एक बरा जोड. सासूबाईंना पाठीमागून पट्टा असलेल्या सँडल घ्या आणि इथेच पंधरा दिवस घालायला लावा.

ऑक्टोबरात त्या भागात दिवसा वीस-बावीस अंश असतं, रात्री डेकवर वारा सुटला की गारठा, आणि एखादा दिवस पाऊस. पातळ वाऱ्याचं जाकीट प्रत्येकाला एक. तेच पावसात चालतं. जाड लोकरी काही नको. (२०२३ ला सिअ‍ॅटलहून अलास्काला गेलो तेव्हा उलट होतं. तिथे केचिकनला पाऊस असा की छत्री उलटी होते, तिथे नखशिखान्त रेनकोटच. पण तो वेगळा प्रश्न.) आणखी कुणी कॅरिबियनला जाणारं हे वाचत असेल तर एवढंच: बार्बाडोस, जमैका अशा देशांत सैनिकी छापाचे कपडे सामान्य माणसानं घालणं बेकायदा आहे, पोराची ती लाडकी हाफ पँट घरीच ठेवा.

तुमच्या नवऱ्यासाठी माझा हिशेब असा: दोन पँट, त्यातली एक काळी. पाच टीशर्ट, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट, एक कुर्ता-जाकीट, एक हाफ पँट. बस्स. तोच काळा पँट-शर्ट आज रात्री आणि परवा रात्री घातला तर कुणाच्या लक्षात येत नाही, रोज वेगळी माणसं शेजारी असतात. तुम्ही आणि मुलगी काय न्यायचं ते मी सांगून तुम्ही ऐकणार नाही, मीही ऐकलं नव्हतं. फक्त पोहायच्या कपड्यांचं ऐका: टीशर्ट-लेगिंग घालून पाण्यात उतरू देत नाहीत बऱ्याच ठिकाणी. गुडघ्यापर्यंत येणारे, फ्रॉकसारखे पोहायचे पोशाख इथे मिळतात, ते घ्या.

आता बॅगांची चाल. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावर दिल्या की त्या केबिनशी यायला संध्याकाळ होते. तोवर हातातल्या पिशवीत औषधं, कागदपत्रं, एक स्वेटर आणि मुलीचे पोहायचे कपडे. शेवटच्या रात्री उलटा प्रकार: मोठ्या बॅगा रात्री अकराच्या सुमाराला दाराबाहेर ठेवायच्या, त्या थेट बंदरावर भेटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचे कपडे त्याआधी बाजूला काढायचे असतात.

आमच्या ह्यांनी काढले नाहीत. रात्री अगदी शिस्तीत सगळं भरलं, चेन लावली, बॅग बाहेर ठेवली आणि रेघारेघांच्या पायजम्यात झोपले. सकाळी सहाला उठून कपाट उघडलं तर आत फक्त हँगर आणि काळे फॉर्मल बूट. त्या पायजम्यावर, त्या बुटांत, पासपोर्टची पिशवी छातीशी धरून ते बुफेत नाश्त्याला गेले, इडलीसारखं काही आहे का विचारलं, ऑम्लेट घेतलं, आणि तसेच रांगेत उभे राहून बार्सिलोनाला उतरले. ड्रेस कोडबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.