शटडाऊन म्हणजे रीस्टार्ट नव्हे : वाचकांचे संगणकविषयक प्रश्न

प्रश्न : डिप्लोमा करून नुकताच अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत हेल्पडेस्कवर रुजू झालो आहे. घरी मशीन असेंबल करणं, रॅम टाकणं, फॉर्मॅट मारणं भरपूर केलंय. पण इथं फोनवर समोरचा माणूस ‘चालत नाहीये’ एवढंच म्हणतो आणि मला पुढं काय विचारावं ते सुचत नाही. सुरुवात कुठून करू?
– नाशिकरोडहून एक वाचक

उत्तर : चार प्रश्न कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय बदललं, म्हणजे जागा, वायर, पासवर्ड, अपडेट? फक्त तुमचंच बंद आहे की शेजारच्या टेबलाचंही? स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय? शेवटच्या प्रश्नाला हमखास ‘काहीतरी एरर आहे’ असं उत्तर येतं. तेव्हा मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा, नाहीतर अक्षर न् अक्षर वाचून घ्या. तिसऱ्याचं उत्तर ‘सगळ्यांचंच बंद’ असं आलं तर त्या एका मशीनमागे वेळ घालवू नका; दोष स्विच, राउटर किंवा सर्व्हरकडे आहे, वरिष्ठांना लगेच सांगा.

‘रीस्टार्ट केलंत का?’ हा प्रश्न विचारावाच, पण त्याचं उत्तर स्वतः तपासावं. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. काल अडकलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आजही अडकलेलाच असतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. म्हणून ‘मी रोज संध्याकाळी बंद करूनच जातो’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो आणि तरीही त्याचं मशीन तीन आठवडे रीस्टार्ट झालेलं नसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा; खाली ‘अप टाइम’ दिसतो. त्यातला पहिला आकडा दिवसांचा.

इंटरनेट गेल्याची तक्रार असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्या मशीनला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजनं आपला आपणच लावून घेतलाय. मग वायर, भिंतीतला पोर्ट, स्विचवरचा दिवा या क्रमानं बघत जा. पत्ता ठीक असेल तर तीन वेळा पिंग करा, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते बघा : आधी गेटवेला (कंपनीतून बाहेर नेणारा राउटर), मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिलंच अडलं तर दोष कंपनीच्या आत आहे. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं तर बाहेरची जोडणी बघायची. दोन्ही चालून नावच सापडत नसेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. काही ठिकाणी फायरवॉल पिंगच अडवते, त्यामुळे हीच चाचणी एका चालू मशीनवर करून ताडून बघा.

पासवर्ड बदलल्यावर खातं पुन्हा पुन्हा लॉक होण्याच्या तक्रारी तुमच्याकडे नक्की येतील. नुसतं अनलॉक करून दिलंत तर अर्ध्या तासात तोच फोन परत येईल, कारण जुना पासवर्ड कुठंतरी साठलेला असतो आणि ते उपकरण तो सतत पाठवत राहतं. बहुतेकदा तो मोबाइलमधल्या मेलमध्ये सापडतो. तिथं नसेल तर मोबाइलच्या वायफायमध्ये, विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, किंवा लॉगऑफ न करता नुसत्या बंद केलेल्या रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत. ही ठिकाणं साफ करा, मग अनलॉक करा. आणि समोरच्याचा पासवर्ड कधीही विचारू नका. त्यानं आपण होऊन सांगितला तर लगेच बदलायला लावा.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय पण दिवा हिरवा आहे, असं झालं तर लाइट जाऊन आल्यावर त्याचा आयपी पत्ता बदलला का ते बघा. प्रिंटरच्या पॅनलवरचा पत्ता आणि संगणकातल्या पोर्टचा पत्ता वेगळे असतील तर पोर्ट दुरुस्त करा आणि नेटवर्कवाल्यांकडून प्रिंटरसाठी तो पत्ता राखून घ्या. प्रिंट रांगेत अडकून डिलीटही होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल या वाटेनं ‘प्रिंटर्स’ फोल्डरमध्ये जा, आतल्या फायली काढा (फोल्डर नाही), आणि स्पूलर पुन्हा चालू करा. यात त्या मशीनच्या रांगेतल्या सगळ्याच प्रिंट जातात. हे काम सामायिक प्रिंट सर्व्हरवर करायचं असेल तर आधी डिस्पॅचला विचारा. त्यांची चलनं अडकलेली असू शकतात.

घरची एक सवय मात्र कंपनीच्या गेटबाहेर ठेवा : फॉर्मॅट. घरी तो सोपा उपाय असतो. इथं त्या डिस्कवर कोणाची तरी सहा महिन्यांची ड्रॉइंग्ज असतात. बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या सेटिंगलाही न विचारता हात लावू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं आणि ती वापरणाऱ्याकडे नसते. एका वेळी एकच बदल करा, तपासा, आणि तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) तीन ओळी लिहा : काय दिसलं, काय बदललं, त्यानं काय झालं. ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’ एवढंच लिहिलेलं तिकीट पुढच्या महिन्यात तुमच्याच उपयोगाचं नसतं.


प्रश्न : जुन्या नाशकात वाड्यात राहतो. अनवाणी असताना डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, तरी तेच. काय करावं?
– भद्रकालीहून एक वाचक

उत्तर : एसएमपीएस बहुधा आधीचाही चांगलाच होता. दोष अर्थिंगचा दिसतो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तिकडची गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण अशा कॅबिनेटला चालू स्थितीत टीव्हीची एचडीएमआय वायर किंवा प्रिंटर जोडला तर पोर्ट जळू शकतो.

वायरमनला बोलावून तीन-पिन सॉकेट त्याच्याकडून मोजून घ्या. समोरून पाहताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, असं हवं. फेज ते अर्थ खूप कमी किंवा सतत हलणारं दिसलं तर अर्थिंग तुटलेलं आहे. न्यूट्रल ते अर्थ अगदी चोख शून्य आलं तर खूश होऊ नका. सॉकेट उघडून बघायला सांगा. अर्थिंग नसलेल्या घरात न्यूट्रल आणि अर्थची भोकं आतून तारेचा तुकडा टाकून जोडण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो जीवघेणा आहे. न्यूट्रल कुठंही तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये अर्थची तार नसतेच, तेव्हा नवा अर्थिंग खड्डा आणि तिथून सॉकेटपर्यंत हिरवी तार, हाच खरा उपाय. ते होईपर्यंत पायात रबरी चप्पल ठेवा आणि कुठलीही वायर जोडण्याआधी दोन्ही उपकरणांचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून थांबू नका.


प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं तर ‘फॉर्मॅट करायचं का?’ असं विचारतंय. आत दोन दिवसांचे फोटो आहेत. ते परत मिळतील का?
– गंगापूर रोडहून एक वाचक

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे, फक्त त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. कार्ड बाहेर काढा आणि त्याच्या डाव्या कडेची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मग आधी दुसऱ्या कार्ड रीडरमध्ये लावून बघा. कित्येकदा रीडरच खराब असतो आणि कार्ड ठणठणीत.

तरीही तेच आलं तर फोटोरेक हे मोफत साधन वापरा. कार्डाची अनुक्रमणिका बिघडली असली तरी ते प्रत्येक फायलीची सुरुवातीची खूण ओळखून फोटो उचलतं. त्यामुळे फायलींची नावं आणि फोल्डर परत येत नाहीत; फोटोच्या आत नोंदलेल्या वेळेनुसार ते नंतर लावून घ्यावे लागतात. वाचवलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे. एक रॉ फोटो २५ एमबी धरला तर ८०० फोटोंना २० जीबी लागतात, आणि जुने पुसलेले फोटोही वर येतात, तेव्हा कार्डाच्या पूर्ण क्षमतेइतकी जागा मोकळी ठेवा. कार्ड मध्येच दिसेनासं होत असेल, तापत असेल तर घरी खटपट करू नका. प्रत्येक प्रयत्नागणिक ते आणखी बिघडतं.

असं होण्याची नेहमीची कारणं म्हणजे लिहिण्याचा दिवा लुकलुकत असताना बॅटरी किंवा कार्ड काढणं, लॅपटॉपमधून ‘इजेक्ट’ न करता ओढणं, आणि नकली कार्ड. नकली कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं, आत ८ किंवा १६; ते भरलं की पुढचे फोटो हवेतच जातात. नवं कार्ड घेतल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू या साधनानं एकदा काठोकाठ भरून तपासा. फॉर्मॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा, तेही फोटो दोन ठिकाणी उतरल्यानंतर. दोन्ही डिस्क एकाच कपाटात नकोत. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे दर पावसाळ्यात बघणाऱ्या गावात एक प्रत गोदाकाठापासून लांब, नातेवाइकांच्या घरी असलेली बरी.


प्रश्न : आमच्या महिला मंडळाचे पंधरा वर्षांचे अहवाल जुन्या संगणकात टाइप केलेले आहेत. नव्या लॅपटॉपवर ते उघडले तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. फायली खराब झाल्या का?
– सिडकोतून एक वाचक

उत्तर : नाही, तुमचे अहवाल सुखरूप आहेत. जुन्या मराठी फॉण्टमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच टाइप होत. फॉण्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवी. तो फॉण्ट नव्या लॅपटॉपवर नाही, म्हणून मुळातली इंग्रजी अक्षरं उघडी पडली आहेत.

मूळ फायलींची एक प्रत बाजूला ठेवा. मजकुरावर कर्सर ठेवला की वर्डच्या फॉण्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं, तो फॉण्ट बसवलेला नसला तरी. ते नाव लिहून घ्या आणि नेमक्या त्याच फॉण्टचा युनिकोड परिवर्तक वापरा (युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत). नावात थोडं साम्य असलेला दुसरा चालत नाही, त्यातल्या अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. आधी एकच पान बदलून तपासा. ऱ्हस्व इकार, रफार, ळ, जोडाक्षरं आणि आकडे इथं चुका सापडतात. अहवालात मध्येच इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ता असेल तर परिवर्तक त्याचंही अगम्य मराठी करतो, ते शब्द हातानं परत लिहावे लागतील. जुना संगणक अजून चालू असेल तर तिथूनच प्रत्येक अहवालाची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे ताडून बघायला मूळ रूप हाताशी राहील.

पुढचे अहवाल युनिकोडमध्येच लिहा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात मराठी जोडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. तिथं मिळणाऱ्या इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ळ साठी शिफ्ट आणि एन. मराठीत हमखास अडणारा ऱ्य असा उमटतो : शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. तो जमला की आचार्यांना आणि आचाऱ्यांना दिलेली निमंत्रणं वेगवेगळ्या घरी पोचतील.


प्रश्न : बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर बँकेची साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. माझ्या मोबाइलवर तीच साइट त्याच वायफायवर नीट उघडते. व्हायरस असेल का?
– पंचवटीहून एक वाचक

उत्तर : आधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. साइटच्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते, आणि तुमच्या संगणकाच्या हिशेबानं ती मुदत अजून सुरूच झालेली नाही. तारीख बरोबर असेल तर मात्र बँकेचं काम त्या मशीनवर करू नका, आधी ते तपासून घ्या.

सेलचा नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टचा. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, सेलच्या कडेची छोटी क्लिप नखानं बाजूला करा. तो आपोआप वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, खालची पट्टी वाकते. नवा सेल लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा, बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा आणि विंडोज सुरू होत नसेल तर बूटचा क्रम (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) आणि डिस्क जोडण्याची पद्धत (साटा मोड) पूर्वीसारखी आहे का ते तिथंच बघा.