ज्या एफडीला दरवर्षी हप्ता भरावा लागतो, ती एफडी नसते

पत्र (जरा छोटं करून):
"सर, वय ३४, मूळचा नागपूरचा. सात महिन्यांपूर्वी नोकरी बदलून नाशिकला आलो, कंपनी अंबड एमआयडीसीत. हातात ९२ हजार येतात. बायको नागपूरला शिक्षिका होती, इथे अजून शाळा मिळाली नाही. मुलगी ५ वर्षांची. इंदिरानगरला १७ हजार भाडं देतो. भाडं म्हणजे पाण्यात पैसे, म्हणून गंगापूर रोडला ६२ लाखांचा रेडी फ्लॅट बघितलाय. शिवाय आम्हाला फिरायचं वेड. इथला पावसाळा बघून तर नागपूर विसरलो. महिन्यातून एकदा इगतपुरी नाहीतर भंडारदऱ्याला मुक्काम असतो, ९ हजार जातात. त्यापेक्षा घोटीजवळ १२ लाखांचा प्लॉट मिळतोय, महिना २० हजार, ६० हप्ते, बिनव्याजी. समृद्धी आणि कुंभमेळ्यामुळे तीन वर्षांत डबल होईल म्हणतात. डाउन पेमेंटला १५ लाख आहेत : ९ लाख सेव्हिंग आणि म्युच्युअल फंडात, ६ लाखांची एफडी. एफडीत दरवर्षी ३ लाख भरतो, सोबत ३० लाखांचा विमा फ्री. दोन हप्ते झाले, तिसरा मार्चमध्ये. माहितीपत्रक, बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचे (आरएम) व्हॉट्सअॅप मेसेज आणि प्लॉटची जाहिरात जोडलीय. आधी फ्लॅट घ्यावा की आधी प्लॉट?"

फ्लॅट आणि प्लॉटवर येतोच, पण आधी ती एफडी. अहो, एफडीत पैसे एकदा टाकतात आणि विसरतात, तिचा दरवर्षी हप्ता नसतो, तिला पॉलिसी नंबर नसतो आणि तिच्यावर ३० लाखांचा विमा कोणी फुकट देत नाही. तुम्ही जोडलेल्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात स्वच्छ लिहिलंय की हा जीवन विमा आहे, हप्ता ३ लाख, मुदत १० वर्षं. म्हणजे तुम्ही ६ लाख 'ठेवलेले' नाहीत, तुम्ही ३० लाख भरायचं कबूल केलंय आणि त्यातले ६ भरून झालेत.

आता यातून मिळतं काय ते बघू. १० वर्षं ३-३ लाख भरायचे, मग बाराव्या वर्षाच्या शेवटापासून १० वर्षं दरवर्षी ५ लाख ४० हजार मिळणार, संपलं. तुमच्या बँकेतल्या आरएमने व्हॉट्सअॅपवर लिहिलंय "वर्षाला १८ टक्के गॅरंटीड". हे १८ आले कुठून, तर ५.४ ला ३० ने भागलं. मधली बारा वर्षं सोयीस्करपणे गायब! सरळ हिशोब असा की तुमचा प्रत्येक ३ लाखांचा हप्ता बरोबर १२ वर्षांनी ५.४ लाख होऊन परत येतो. १२ वर्षांत दुप्पट झाले असते तर ६ टक्के पडले असते, इथे दुप्पटसुद्धा होत नाहीत, म्हणजे ५ टक्के. पीपीएफ ७.१ देतंय, तेही करमुक्त, आणि त्यासाठी कोणी एसी केबिनमध्ये बसवून कॉफी पाजत नाही. हा प्रकार इतक्या पत्रांत येतो की आता चिडायचाही कंटाळा येतो, तरी चिडतोच.

तर तुमचं डाउन पेमेंट १५ लाख नाही, ९ लाख आहे. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी मोडली तर हमीने मिळतात ते भरलेल्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ६ चे पावणेदोन-दोन लाख. कंपनी थोडे जास्तही देईल, पण ६ विसरा.

आता लगेच फोन करून "बंद करा, सरेंडर करा" म्हणू नका, कारण इथे अजून एक खाच आहे. तीन रस्ते आहेत. एक, भरत राहायचं. दोन, सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून दोन-एक लाख घ्यायचे. तीन, हप्ते थांबवायचे आणि पॉलिसी पेड-अप करायची, म्हणजे भरले तेवढ्याच्या प्रमाणात पुढे मिळतं. दोन हप्ते म्हणजे दहातले दोन, तर ५.४ च्या जागी वर्षाला साधारण १ लाख ८ हजार, तेही त्याच वेळी, दहा वर्षं. आज हातात येणारे २ लाख सोडून हे घ्यायचं म्हटलं तर त्या २ लाखांवर जवळजवळ १३ टक्के सुटतात, एवढे तुम्हाला बाहेर कोणी हमीने देणार नाही. म्हणून सरेंडर नाही, पेड-अप. आरएम मात्र वेगळं चित्र काढेल, तो म्हणेल सरेंडर केलं तर बघा केवढं नुकसान, त्यापेक्षा भरत राहा, पुढच्या पैशावर साडेसहा-सात टक्के पडतात. सरेंडरशी तुलना केली तर त्याचा आकडा खोटा नाही. पण पेड-अपशी तुलना करा, पुढच्या २४ लाखांवर जेमतेम साडेपाच टक्के. हा दुसरा हिशोब तो काढणार नाही, तुम्ही काढा. फक्त तुमच्या पॉलिसीत दोन पूर्ण हप्त्यांनंतर पेड-अप मिळतं का आणि नेमके किती मिळतात हे विमा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेकडून नाही. ईमेल करा, फोनवर बोलू नका.

त्याआधी तक्रार. फ्री लूकचा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर लगेच परत करायचा काळ कधीच संपलाय, पण ते व्हॉट्सअॅप मेसेज तुमच्याकडे आहेत, "एफडी विथ फ्री इन्शुरन्स" असे शब्द आहेत, हे सोनं आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंबरसकट. आधी विमा कंपनीला आणि बँकेला लेखी तक्रार, चुकीची माहिती देऊन विकलं म्हणून पूर्ण ६ लाख परत मागायचे. एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा नाही म्हणाले तर विमा लोकपाल, नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं. फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामक आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आहे तिथेही टाका. मिळतीलच असं मी म्हणत नाही, सही तुमची आहे आणि कंपनी तेच दाखवेल, पण लेखी मेसेज असलेल्या तक्रारीला वजन असतं. पैसे परत आले तर बेस्ट, नाही आले तर पेड-अप आहेच.

आणि तो ३० लाखांचा विमा. तुम्ही ४७ लाखांचं कर्ज काढायला निघालात, बायकोला सध्या पगार नाही, मुलगी पहिलीत जाईल. उद्या तुम्हाला काही झालं तर ३० लाख बँकेचं कर्जसुद्धा फेडणार नाहीत. दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला १५-२० हजारांत बसतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. हे पहिलं करा, तक्रारीच्याही आधी, आणि टर्म प्लॅन हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. होम लोन घ्यायला जाल तेव्हा तोच आरएम कर्जाचा विमा कर्जात मिसळून देईल, एकरकमी हप्ता आणि त्यावर २० वर्षं व्याज. त्यांच्याकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही, हे तोंडावर सांगा.

आता तुम्ही खरं जे विचारलंत ते. तुमच्या मनातला प्लॅन महिन्याच्या भाषेत मांडतो : ४७ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, ईएमआय ४१ हजार. पॉलिसी २५ हजार. प्लॉट २० हजार. झाले ८६. ९२ मधले उरले ६ हजार, त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, शाळेची फी, पेट्रोल आणि भंडारदरा! शिवाय ६२ लाखांवर स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन मिळून ४ लाखांच्या आसपास वेगळे लागतात, ते तुम्ही धरलेलेच नाहीत. रेडी फ्लॅटला पूर्णत्वाचा दाखला असेल तर जीएसटी नाही, तेवढं एक बरं.

भाडं पाण्यात जातं म्हणता. ४७ लाखांवर पहिल्या वर्षी व्याजच ४ लाखांच्या जवळ जातं, महिन्याला ३३ हजार. १७ हजार पाण्यात, तर हे ३३ कुठे, गोदावरीत? ६२ लाखांचं घर तुम्हाला वर्षाला २ लाख भाड्यात राहायला मिळतंय, म्हणजे ३ टक्के. घरमालक तुमच्यावर उपकार करतोय, करू द्या. घर घ्यायचंच नाही असं नाही म्हणत, पण शहरात येऊन सात महिने झालेत, बायकोची शाळा कुठे मिळेल माहीत नाही, नोकरी टिकते का माहीत नाही, आणि गंगापूर रोड ते अंबड रोज ये-जा करून बघितलेली नाही. बायकोला पाथर्डी फाट्याकडे शाळा मिळाली तर गंगापूर रोडचा फ्लॅट दोघांनाही लांब. दोन वर्षं भाड्याने राहा. पॉलिसीचे २५ हजार सुटले की तेच घरासाठी बाजूला टाका, दोन वर्षांत ६ लाख होतात, आणि ही खरी एफडी असेल. तोवर बायकोचा पगार सुरू झाला तर गणितच बदलेल, मग परत लिहा.

प्लॉटचं थोडक्यात, कारण तो घ्यायचाच नाहीये. जाहिरातीत लिहिलंय "एनए प्रपोज्ड", म्हणजे बिगरशेती अजून व्हायचीय, आज ती शेतजमीन आहे. खरेदीखत साठाव्या हप्त्यानंतर, म्हणजे पाच वर्षं तुमच्या हातात फक्त पावत्या. महारेरा नंबर, म्हणजे स्कीमची सरकारी नोंदणी, विचारलात का? अशा मोठ्या प्लॉटिंग स्कीमला तो लागतो. स्वतंत्र सात-बारा होणार की पन्नास लोकांची नावं एकाच उताऱ्यावर येणार, हेही विचारा, उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो यावरून कळेल. समृद्धी २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, कुंभ २०२७ ला आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे, तर तो भाव विकणाऱ्याने आधीच लावलेला आहे, तुमच्यासाठी शिल्लक ठेवलेला नाही. तीन वर्षांत डबल म्हणजे वर्षाला २६ टक्के. एवढी खात्री असती तर तो बिनव्याजी हप्त्यावर विकत का बसला असता?

आणि फिरण्यासाठी म्हणाल तर तुमचे ९ हजार महिना म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. १२ लाखांवर ७ टक्क्यांनी ८४ हजार व्याज बुडतंच, त्यावर बांधायला अजून १५-२० लाख, इगतपुरीच्या पट्ट्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, दर सप्टेंबरला बुरशी घासायची, राखणदाराला पगार, आणि मग दर महिन्याला त्याच जागी जायचं, कारण घर आपलं आहे ना. तुम्ही नाशिकला आलाय, इथे मुक्काम न करता बघायच्याच इतक्या जागा आहेत. पांडवलेणी तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, रामशेज मुलीला झेपेल असा किल्ला, अंजनेरी सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी. आत्ता थंडीत नांदूरमध्यमेश्वरला जा, राज्यातलं पहिलं रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं) पाणथळ ठिकाण, पहाटे पोचलात तर पक्षी, उशिरा पोचलात तर नुसती माणसं. हरिहर किल्ला मुलगी मोठी झाल्यावर, त्या पायऱ्या पाच वर्षांच्या पोरीसाठी नाहीत. भंडारदऱ्याचा मुक्काम तीन महिन्यांतून एकदा ठेवा, तेवढा तुमच्या पगारात आरामात बसतो, कोणी नाही म्हणत नाही. प्लॉटचं बुकिंग म्हणून काही दिलं असेल तर ते सोडून द्या, अजून दिलं नसेल तर देऊ नका.

राहिलं एक. पॉलिसीच्या हप्त्याला ऑटो-डेबिट लावलेलं असणार, बहुतेक बँका लावूनच देतात. तो मँडेट या आठवड्यात नेट बँकिंगमधून बंद करा आणि बंद झाल्याचा मेल जपून ठेवा, नाहीतर तुमची तक्रार टेबलावर असेल आणि मार्चमध्ये ३ लाख खात्यातून निघून गेलेले असतील. विमा कंपनीचं पेड-अपचं उत्तर आलं की मला पाठवा, आकडे बघून सांगतो.